आजीची बोली टिपताना

लेख वाचण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करा. पुढील दोन वाक्ये मोठ्याने म्हणा. 'हे जग फार मोठे आहे.' 'बाळा, शंभर वर्षे जग.' दोन्ही वाक्यांत 'जग' हा शब्द आहे आणि तो लिहिलाही अगदी सारखाच आहे. पण तुमच्या जिभेने दोन्ही वेळा एकच काम केले का? पहिल्या 'ज'च्या वेळी ती टाळ्याला लागली. दुसऱ्या 'ज'च्या वेळी ती पुढे सरकून वरच्या दातांच्या मुळाशी गेली. पहिला 'ज' 'जीवन'मधला आहे, तर दुसरा 'जाड'मधला.

हा फरक तुम्हाला कोणी शिकवला? पुस्तकाने नक्कीच नाही, कारण देवनागरीत या दोन ध्वनींना एकच अक्षर आहे. तो तुम्ही घरातल्या माणसांच्या तोंडून ऐकून उचललात. समजा, उद्या मराठी बोलणारे कोणीच उरले नाही आणि फक्त छापील पुस्तके उरली, तर हा फरक पुस्तकांबरोबर टिकणार नाही. अक्षर शब्द सांभाळते, पण त्याचा आवाज तोंडातच राहतो.

याचा एक मोठा पुरावा आमच्या मुरबाड तालुक्याच्या सीमेवरच आहे. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे गाव लागते. तेथून नाणेघाटाची पायवाट चढते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन काळातील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात आहेत. भारतीय अंकांच्या इतिहासात या लेखाला फार महत्त्व आहे. विद्वानांनी तो वाचला, त्याचा अर्थ लावला. पण त्या घाटातून बैल हाकणारा माणूस आपल्या बैलांना काय म्हणत असेल, कोणत्या सुरात म्हणत असेल, हे आता कोणालाही ऐकता येणार नाही.

मग आज त्याच घाटाच्या पायथ्याशी जे बोलले जाते, त्याचे काय?

एका तालुक्यात किती बोली!

मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत कुणबी, आगरी, ठाकर, महादेव कोळी, वारली, कातकरी असे अनेक समाज राहतात. धसईच्या बाजारात किंवा म्हशाच्या यात्रेत तासभर नुसते कान देऊन उभे राहा. कोणी 'पाणी'ला 'पानी' म्हणेल, कोणी 'डोळा'ला 'डोला', तर कोणी 'विस्तवा'ला 'इस्तो' आणि 'विंचवा'ला 'इंचू' म्हणेल. हे अशुद्ध मराठी आहे असे समजू नका. या बदलांना नियम आहेत. जो माणूस 'विंचू'ला 'इंचू' म्हणतो, तो 'विळा'लाही 'इळा' आणि 'विहिरी'ला 'इहीर' म्हणतो. नियम असला की त्याचा अभ्यास करता येतो, आणि जेथे अभ्यास करता येतो तेथे विज्ञान सुरू होते.

या सर्व बोलींत सर्वांत अधिक धोका कातकरी बोलीला आहे. कातकरी समाजाला काथोडी असेही म्हणतात. दोन्ही नावे 'कात' या शब्दावरून आली. खैराच्या झाडाचा आतला लाल गाभा काढून त्याचे तुकडे करायचे, ते पाण्यात उकळायचे, आणि ते पाणी आटवून घट्ट करून कात पाडायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा होता. पुढे इंग्रजी अमदानीत जंगलाचे कायदे कडक झाले आणि हा धंदा सुटत गेला. धंदा सुटला की त्याची अवजारे जातात आणि अवजारांबरोबर त्यांची नावेही जातात.

आज महाराष्ट्रातील ज्या तीन आदिवासी समाजांना सरकारने विशेष असुरक्षित मानले आहे, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले आईबापांबरोबर भट्टीवर जातात किंवा आश्रमशाळेत राहतात. म्हातारी माणसे वाडीत मागे राहतात. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने आजी आणि नातू एकमेकांच्या कानाआड असतात. त्यात शाळेत किंवा बाजारात कोणी बोलीची थट्टा केली, की मूल ती ओठांआड दडवू लागते. बोली मरते ती अशी, एकेका घरात आणि काही आवाज न करता.

कानाचे दार केव्हा लागते?

तुम्ही म्हणाल, मोठेपणी शिकू की! येथे एक अडचण आहे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या शास्त्रज्ञांनी १९८४ साली आपले एक प्रसिद्ध संशोधन मांडले. ज्यांच्या घरी फक्त इंग्रजी बोलली जाते अशा तान्ह्या मुलांना त्यांनी हिंदीतील 'त' आणि 'ट' हे ध्वनी ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक सहसा ऐकू येत नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता! मात्र दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो कळला.

याचा अर्थ असा की, मूल जन्मते तेव्हा त्याचा कान जगातील बहुतेक भाषांसाठी उघडा असतो. वर्षभरात तो आजूबाजूला ऐकू येणाऱ्या ध्वनींपुरता पक्का होतो. पुढे नवे ध्वनी शिकता येतात, पण कष्टाने. म्हणून बोली टिकवण्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत चांगले यंत्र म्हणजे पाळण्याशेजारी बसून बोलणारी आजी.

बोलींची नोंद कोणी केली?

जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांचे मोठे सर्वेक्षण केले. त्याचे खंड १९०३ ते १९२८ या काळात निघाले. मराठीचा सातवा खंड १९०५ सालचा. त्यात कातकरी, वारली, ठाकरी या बोलींचीही दखल आहे. प्रत्येक बोलीत एकच ठरावीक गोष्ट सांगवून ती लिहून घ्यायची, अशी त्यांची पद्धत होती. म्हणजे बोलींची तुलना करणे सोपे. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींचे एकेक करून शास्त्रीय वर्णन केले. त्यांचे ठाण्याच्या वारलीवरील पुस्तक १९६९ साली निघाले. अलीकडे पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी गावोगाव जाऊन मराठीच्या बोलींचे ध्वनिमुद्रण केले आहे.

फ्रान्समध्येही असेच घडले. तेथे शाळांतून पॅरिसची फ्रेंच पसरली आणि खेड्यापाड्यांतील बोली मागे पडू लागल्या. तेव्हा सॉर्बोन विद्यापीठातील फेर्दिनां ब्रूनो यांनी १९११ साली आवाजांचे संग्रहालय सुरू केले. पुढील दोन वर्षांत ते ध्वनिमुद्रणाचे अवजड यंत्र घेऊन खेड्यांत गेले आणि शेतकऱ्यांचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे बोलणे त्यांनी तबकड्यांवर उतरवून घेतले. ब्रूनो यांना जे यंत्र वाहून न्यावे लागले, त्याहून कितीतरी चांगले यंत्र आज तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये आहे. ते नीट वापरायचे, तर त्यामागचे थोडे भौतिकशास्त्र समजून घेऊ.

आवाजाचे मोजमाप

आपण बोलतो तेव्हा घशातील स्वरतंतू कंप पावतात. पुरुषांमध्ये ही कंपने सेकंदाला साधारण १०० ते १५०, स्त्रियांमध्ये २०० च्या आसपास आणि लहान मुलांमध्ये ३०० च्या जवळपास असतात. पण 'आ' आणि 'ई' यांतला फरक स्वरतंतू करत नाहीत; तो तोंडाची पोकळी करते. रिकाम्या आणि अर्ध्या भरलेल्या तांब्यावर टिचकी मारा. नाद वेगळा येतो. तसेच जीभ खाली-वर झाली की तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो आणि वेगवेगळी कंपने उठून येतात. 'आ' म्हणताना ७०० आणि १,२०० च्या आसपासची, तर 'ई' म्हणताना ३०० आणि २,३०० च्या आसपासची कंपने जोरदार असतात. 'स' हा तर नुसता हवेचा फुत्कार. त्याची बरीचशी शक्ती सेकंदाला ४,००० च्या वरच्या कंपनांत असते.

मोबाइल हा आवाज सलग साठवत नाही. तो ठरावीक वेळाने लहरीची उंची मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. नियम असा की, जितकी कंपने टिपायची असतील, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप करायला हवे. सेकंदाला ८,००० मोजमापे घेतली, तर ४,००० कंपनांपर्यंतचाच आवाज हाती येतो. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर 'स' आणि 'फ' यांचा घोटाळा होत असे, तो याच कारणाने. माणसाचा कान २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, म्हणून चांगल्या मुद्रणात सेकंदाला ४४,१०० मोजमापे घेतात. प्रत्येक मोजमाप दोन बाइटांत लिहिले, तर एका मिनिटाला ४४,१०० × २ × ६० = ५२,९२,००० बाइट, म्हणजे सुमारे ५ एमबी जागा लागते. तासाला सव्वातीनशे एमबीच्या आत. आजच्या मोबाइलमध्ये एवढी जागा सहज असते. निरोप पाठवण्याच्या ॲपवरून तीच ध्वनिफीत पाठवली, तर जागा वाचवण्यासाठी आवाजातले बारकावे कापले जाऊ शकतात. गप्पांना ते चालते. बोलीच्या नोंदीला चालत नाही, कारण तिथे बारकावे हेच खरे धन.

आता अंतराचा विचार करा. उघड्या जागेत आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. मोबाइल आजीच्या तोंडापासून एक वीत अंतरावर असेल, तर मिळणारी तीव्रता आठ विती अंतरावरच्यापेक्षा ६४ पट असते. मागे कोंबड्यांचा कलकलाट, पत्र्यावरचा पाऊस, पिठाच्या गिरणीची घरघर तेवढीच राहते. म्हणून महाग यंत्र शोधण्याआधी मोबाइल जवळ ठेवा. चार भिंतींच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. त्यापेक्षा गोधड्या, घोंगड्या, पेंढा असलेले घर किंवा कुडाची पडवी चांगली, कारण मऊ आणि खडबडीत वस्तू आवाज शोषून घेतात. गरिबाचे घर या कामाला सिमेंटच्या सभागृहाहून सरस ठरते!

विचारायचे काय?

येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी महाविद्यालयातील मुलांना शंभर शब्दांची यादी करून दिली. हात, पाय, पाणी, झाड, सूर्य... 'घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, यांना तुमच्या बोलीत काय म्हणतात,' असे सांगितले. मुले याद्या भरून घेऊन आली, आणि जवळजवळ सगळे शब्द पुस्तकी मराठी! असे का झाले? शिकलेल्या नातवाने वही-पेन घेऊन विचारले, म्हणजे शाळेतले उत्तर द्यायचे, असे त्या भल्या माणसांना वाटले. एका आजीने तर नातवालाच विचारले, 'तुझ्या सरांना कोणता शब्द बरा वाटेल?'

त्या वर्गात कातकरी वाडीतला एक मुलगा होता. त्याने यादी बाजूला ठेवली आणि आजीला विचारले, 'कडू कंद खायचे कसे करतात?' आजी जी बोलू लागली, ती अर्धा तास थांबली नाही. त्याने ते मोबाइलवर टिपले आणि वर्गात थोडे ऐकवले. मागे पावसाचा आवाज होता, मोबाइल लांब ठेवलेला होता, तरी त्या बोलण्यातली लय सगळ्यांना जाणवली. आम्हाला शब्द सगळे कळले नाहीत. तो मुलगा अर्थ सांगत होता आणि सांगताना त्याची मान प्रथमच ताठ दिसत होती.

यादीतून शब्द मिळतात, पण कामाविषयी विचारले की भाषा मिळते. भाताविषयी विचारा. राब कसा भाजतात, आवणी केव्हा करतात, उडवी कशी रचतात, म्हणजे भिजू नये? इरले कोणत्या पानांचे विणतात? पहिल्या पावसात शेवळे उगवतात, त्यांची भाजी कशी करतात? या एका प्रश्नात किती विज्ञान आहे पाहा. शेवळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यामुळे घसा खाजतो. आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, काकडाची आंबट फळे घालायची, आणि भाजी चांगली शिजवायची, हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी आजीच्या बोलण्यात होते. शेवळ्याच्या कोणत्या भागाला काय म्हणतात, तो शब्द हरवला, तर 'काय काढून टाकायचे' हेही हरवते.

आता त्या ध्वनिफितीचे काय झाले, ते ऐका. आपण सोमवारी एक प्रत काढून ठेवू, असे मी म्हणालो. सोमवारी सुट्टी आली, मग परीक्षा आली. दरम्यान ओढा ओलांडताना मुलाचा मोबाइल पाण्यात पडला आणि बंद पडला तो कायमचा. पुन्हा मुद्रण करू, असे ठरले. पण पुढल्या पावसाळ्यात आजी वारल्या. मुलाला आठवत होते ते एवढेच: कंदाचे काप करायचे, राखेच्या पाण्यात उकळायचे आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे. पाण्यात विरघळणारी कडू आणि अपायकारक द्रव्ये त्याने निघून जातात, हे मी त्याला समजावून सांगू शकलो. पण राख कोणत्या लाकडाची, किती वेळ उकळायचे, आणि कंद खाण्याजोगा झाला हे कसे ओळखायचे, हे सारे त्या अर्ध्या तासात होते. 'प्रत त्याच दिवशी काढा,' हे सांगणे माझे काम होते. ते मी केले नाही.

तुम्ही करून पाहा

म्हणून माझ्या चुकीतून तयार झालेले हे नियम वहीत उतरवून घ्या.

१. प्रथम परवानगी विचारा. काय टिपणार आणि कोणाला ऐकवणार, ते आजी-आजोबांना स्पष्ट सांगा. काही गाणी ठरावीक प्रसंगीच म्हणायची असतात. 'हे नको' म्हणाले, तर मोबाइल बंद करा.

२. मोबाइलवरचे फोन येणे बंद ठेवा. तो तोंडापासून एक-दोन विती अंतरावर, मऊ फडक्यावर ठेवा.

३. सुरुवातीलाच तारीख, गाव, बोलणाऱ्याचे नाव आणि वय मोठ्याने सांगा. कागदावरची चिठ्ठी हरवते, आवाजातली चिठ्ठी आवाजाबरोबरच राहते.

४. शब्द विचारू नका, काम विचारा. मध्ये बोलू नका. आजी थांबली, तर मनात दहापर्यंत आकडे मोजा. बहुधा ती पुन्हा बोलू लागते.

५. दात पडले की 'स', 'त' यांसारखे ध्वनी बदलतात. तो बोलीचा भाग की वयाचा, हे कळण्यासाठी तोच प्रश्न आणखी एका माणसाला विचारा.

६. त्याच दिवशी दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक प्रत त्या घरालाही द्या, कारण पहिला हक्क त्यांचा.

७. आठवडाभरात आजीजवळ बसून फीत पुन्हा ऐका आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ लिहून घ्या. अर्थाशिवायची फीत म्हणजे किल्ली नसलेले कुलूप.

ध्वनिफीत आणि जिवंत बोली

अंदमानातील बो ही भाषा बोलणाऱ्या शेवटच्या स्त्रीचे, बोआ सीनियर यांचे, २०१० च्या जानेवारीत निधन झाले. त्या सुमारे ८५ वर्षांच्या होत्या. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचे बोलणे टिपून ठेवले आहे, म्हणून आज ती भाषा ऐकता तरी येते. पण शेवटची काही वर्षे बोआ यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारे कोणीही नव्हते. उत्तर देणारे कोणी नसेल, तर भाषेचे काय उरते?

न्यूझीलंडमधील माओरी लोकांनी याचे उत्तर शोधले. त्यांची भाषा म्हाताऱ्यांपुरती उरली होती. १९८२ साली त्यांनी 'भाषेची घरटी' सुरू केली. या बालवाड्यांत आजी-आजोबा लहान मुलांशी दिवसभर फक्त माओरीतच बोलत. कानाचे दार उघडे असते त्याच वयात भाषा मुलांपर्यंत पोहोचली.

कातकरी बोलीची गत अजून तेवढी वाईट नाही. वाड्यांवर ती आजही ऐकू येते. मुरबाड-शहापूरच्या कुणबी, आगरी, ठाकर घरांतल्या बोलीही आहेत. म्हणून फीत झाल्यावर एक गोष्ट करा. मोबाइल बाजूला ठेवा आणि आजीला तिच्याच बोलीत उत्तर द्या. चुकलात तर ती हसेल आणि दुरुस्त करील. तुमचे घर शहरात असेल, तुमची आजी खानदेशातली, मालवणातली किंवा विदर्भातली असेल, तरी हेच करा. आणि वर्गातला एखादा मित्र वेगळ्या सुरात बोलला, तर हसण्याऐवजी त्याला विचारा, 'याला तुमच्याकडे काय म्हणतात?'

येत्या सुट्टीत हे काम हाती घ्या, आणि प्रत काढायला सोमवारची वाट पाहू नका.